सोलापुरात कामगारांशी, कार्यकर्त्यांशी बोलायला चाललायस ना, मग हे वाच

अरे, पहिल्याच भेटीत रेकॉर्डर काढू नकोस. बिडीवाल्या ताईंशी बोलायचंय तर त्यांच्या दारात बस, मांडीवर सूप घेऊन पानं कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत त्या बोलतात, हात थांबवायला लावू नको कारण मजुरी हजार बिड्यांवर असते. समानता म्हणजे काय वाटतं असलं काही विचारू नको प्लीज, नापास म्हणजे कारखान्यानं नाकारलेल्या बिड्यांचं काय होतं, पीएफला नाव नीट लागलंय का हे विचार, मग बघ कशा भडाभडा बोलतात. पूर्व भागात बऱ्याच घरात तेलुगू चालते, तिथलंच कुणीतरी सोबत घे, पण पुढारी नको, त्याच्यासमोर बायका मोकळं बोलत नाहीत. नेत्यांना वेगळं भेट. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं सोलापूरजवळच्या कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३० हजार घरांची योजना आली, जानेवारी २०२४ ला त्यातली १५ हजार घरं दिली, खूप मोठं काम आहे हे, पण तिथं राहणाऱ्यांनाही पाणी, बस, कामावर जायला किती वेळ लागतो ते विचारच. आणि ज्यांच्याशी बोललास त्यांना लिहिलेलं वाचून दाखव, नाव टाकायचं का ते तेच ठरवतील.