मॉडेल रॉकेटमध्ये कॅमेरा बसवतोयस? आधी हे वाच

कॅमेरा कोणता घ्यायचा हे नंतर बघू, आधी जागा ठरव. माझ्या मते जागा एकच: नोजकोनच्या, म्हणजे टोकाच्या निमुळत्या भागाच्या, लगेच खाली, वेगळ्या कप्प्यात. वजन वर गेलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि रॉकेट सरळ जातं. मोटर, पॅराशूट सगळं भरून तोलून बघ. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे निदान नळीच्या एका व्यासाइतका हवाच.

कप्प्याच्या तळाला प्लायवूडची चकती एपॉक्सीने चिकटव, कडेने जराही फट नको. पॅराशूट बाहेर फेकणारा वायू फार गरम असतो, तो कॅमेऱ्यापर्यंत पोचता कामा नये.

आता वजन. इथेच बहुतेक जण घाई करतात. एस्टेस या मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या सी६-५ मोटरला उड्डाणाच्या वेळी, मोटर धरून, जास्तीत जास्त ११३ ग्रॅम चालतात. जड रॉकेट कमी उंच जातं आणि लवकर खाली वळतं. मोटरच्या नावातला शेवटचा आकडा म्हणजे जोर संपल्यावर पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद. जड रॉकेटमध्ये पाच सेकंद गेले तर पॅराशूट भर वेगात उघडेल आणि फाटेल. म्हणून सी६-३ घे.

लेन्स नळीतून नुसती बाहेर काढलीस तर क्षितिजच दिसेल. बाहेर ४५ अंशांत छोटा आरसा लाव, म्हणजे खालची जमीन दिसते. चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, ते संगणकावर पलटवता येतं. पंख मात्र अगदी सरळ चिकटव. ते तिरके असले की रॉकेट गरगरतं आणि चित्रीकरण बघवत नाही.

कॅमेऱ्याभोवती फोम घट्ट भर. रेकॉर्डिंग लाँच पॅडवरच सुरू कर, दिवा लागलाय ना ते डोळ्यांनी बघ आणि मगच इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) जोड.