डाव्या संघटना शत्रूपेक्षा एकमेकांशीच जास्त का भांडतात?

तुम्ही लिहिलंय की दोन गटांच्या बैठकांना जाऊन आलात, दोघांनीही एकमेकांना ‘संधिसाधू’ म्हटलं आणि आता कुठल्या गटात जावं ते कळेना. कुणी ‘वैचारिक मतभेद’ असं उत्तर दिलं तर ते निम्मंच धरा. मतभेद असतातच. पण बहुतेक वेळा आधी माणसांचं बिनसतं आणि मग त्याला शोभेल असा मतभेद शोधला जातो.

आमच्या कृती समितीचंच सांगते. कंत्राटी सफाई कामगारांचा लढा, पाच संघटना एकत्र. पगार वेळेवर द्या, पीएफ भरा, काढलेल्यांना परत घ्या. यावर कुणाचंही दुमत नव्हतं, हे लक्षात असू द्या. तरी पहिली अख्खी बैठक पत्रकावर सह्या कुठल्या क्रमाने, यातच गेली. अकारविल्हे लावू म्हटलं, तर एका संघटनेच्या नावाची सुरुवातच ‘अखिल’ने, म्हणून बाकीच्यांचा विरोध. शेवटी सह्या गोलाकार छापल्या.

दुसऱ्या बैठकीत खरं दुखणं कळलं. एका गटाचे सचिव दुसऱ्या गटाच्या एका वक्त्याशेजारी बसायला तयार नव्हते, कारण तो पूर्वी त्यांच्यातून फुटताना सभासद नोंदणीच्या वह्या घेऊन गेला होता. पण असं सरळ सांगतील तर कॉम्रेड कसले! त्याऐवजी आम्ही राष्ट्रीय भांडवलदारवर्गाच्या, म्हणजे देशी मालकांच्या, भूमिकेवर व्याख्यान ऐकलं. 1964 ला भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला त्यातला तो एक मोठा मुद्दा, मान्य. पण तिथे वाद वह्यांचा होता. मागे बसलेल्या एक कामगार मावशी म्हणाल्या, “भाऊ, देशातल्या मालकांचं नंतर बघू, आमच्या ठेकेदाराला कधी गाठायचं?”

ठरल्या दिवशी दोन गेटमीटिंगा झाल्या, एक पुढच्या गेटवर, एक मागच्या. निम्मी माणसं इकडे, निम्मी तिकडे. मालकाने दोन्ही शिष्टमंडळांना वेगवेगळ्या तारखा दिल्या आणि करार केला तिसऱ्याच युनियनशी, जिचं नावही तोवर कुणी ऐकलं नव्हतं. काढलेल्यांपैकी बरेच जण परत कामावर आलेच नाहीत. पुढे दोन्ही गटांच्या मुखपत्रांत पराभवाचं विश्लेषण आलं आणि दोन्हीकडे कारण एकच होतं: दुसरा गट.

यावर आमचे एक ज्येष्ठ, ज्यांच्या अभ्यासवर्गात मी घडले, म्हणाले, “फुटीला घाबरू नये. 1903 ला लेनिन फुटले म्हणून 1917 झालं.” 1917 म्हणजे रशियातली क्रांती. हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. तेव्हा नीट वाचा. रशियाच्या मार्क्सवादी पक्षाच्या 1903 च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अधिवेशनात, पक्षाचा सभासद कुणाला म्हणायचं, या कलमावर लेनिन हरले होते. त्यांचे तिथले विरोधक मार्तोव यांचा मसुदा 28 विरुद्ध 22 मतांनी मंजूर झाला. लेनिनना बहुमत मिळालं ते नंतर, बुंदचे (ज्यू कामगारांची संघटना) आणि आणखी काही प्रतिनिधी उठून गेल्यावर. 1906 ला स्टॉकहोममध्ये दोन्ही गट, लेनिन यांचे बोल्शेविक आणि मार्तोव यांचे मेन्शेविक, पुन्हा एकाच काँग्रेसला बसले. बोल्शेविकांनी वेगळी चूल मांडली ती 1912 च्या प्राग परिषदेत. आणि 1917 च्या उन्हाळ्यात, लेनिनवर वर्षानुवर्षं टीका केलेले ट्रॉट्स्की आपल्या गटासकट बोल्शेविकांत आले. क्रांतीच्या तोंडावर माणसं आत घेतली जात होती!

बोल्शेविकांच्या पक्षात अंतर्गत गटांवर बंदी आली मार्च 1921 मध्ये, दहाव्या काँग्रेसमध्ये, क्रोनश्टाट तळावरच्या नौसैनिकांचं बंड चालू असताना. सत्तेवरच्या, घेरल्या गेलेल्या पक्षाने केलेला तो नियम पुढे जगभरच्या चिमुकल्या गटांनी जसाच्या तसा उचलला. आत राहून गट करायचा नाही, म्हणजे पटलं नाही की बाहेर पडा. आणि बाहेर पडलात की गद्दार. मग दर मतभेदागणिक एक नवा पक्ष निघणार नाही तर काय? मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं. बोलू दिलं नाही.

डाव्यांच्या आपसातल्या भांडणाची किंमत जर्मनीने मोजली. नोव्हेंबर 1932 च्या संसद निवडणुकीत नाझींना 196 जागा, सोशल डेमोक्रॅटांना (सुधारणावादी कामगार पक्ष) 121, कम्युनिस्टांना 100. आणि कम्युनिस्टांची अधिकृत लाइन काय, तर सोशल डेमोक्रॅट हेच ‘सामाजिक फॅसिस्ट’. (584 जणांच्या सभागृहात दोघांची बेरीजही बहुमत नव्हती, हे खरं. आणि 1929 च्या मे दिनी सोशल डेमोक्रॅट पोलिसप्रमुखाच्या पोलिसांनी बर्लिनमध्ये कम्युनिस्ट निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या, तो राग खोटा नव्हता.)

कुठल्या गटात जावं? जाहीरनामे वाचून ठरवू नका. त्या गटातून बाहेर पडलेली दोन माणसं गाठा आणि गट त्यांच्याबद्दल काय बोलतो ते ऐका. अल्पमतातल्याला मुखपत्रात लिहिता येतं का, वर्गणीचा हिशोब सभासदांपुढे येतो का, हे विचारा. दुसऱ्यांच्या धरण्यात जाऊन बसायला परवानगी लागत असेल तर तिकडे फिरकू नका.

एक राहिलंच: सगळ्या फुटी वाईट नसतात. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन सोशल डेमोक्रॅटांनी युद्धकर्जाला मतं दिली, त्यानंतर युद्धविरोधकांनी कुठवर सोबत राहायचं? किंवा कार्यकर्त्या बाईला त्रास देणाऱ्या पुढाऱ्याला ‘एकजुटीसाठी’ पाठीशी घातलं जात असेल तर खुशाल फुटा, मी तुमच्या बाजूने आहे. वह्यांसाठी मात्र नको. आणि आमचे ज्येष्ठ हे वाचत असतील तर, सर, स्टॉकहोमचं उत्तर तुमच्याकडून अजून यायचंय.