मूल मातृभाषा शिकतं आणि मोठा माणूस दुसरी भाषा शिकतो, यात नेमका फरक काय?

मुख्य फरक हा, की मूल भाषेचे नियम ऐकता ऐकता आपसूक पकडतं. मोठा माणूस नवी भाषा आधीच्या भाषेच्या आधाराने शिकतो. मी कोल्हापुरात कन्नड भाषकांना मराठी शिकवते, तिथे हे रोज दिसतं. घरातलं लहान पोर 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं आणि फारसं कुणी न सुधारताही ते पुढे सुटतं. माझे विद्यार्थी मात्र वर्षानुवर्षं 'भाकरी संपलं' म्हणतात, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सहसा नपुंसकलिंगीच. 'ळ' त्यांना आयता येतो, तो कन्नडमध्ये आहेच! पण वय झालं म्हणून भाषा येत नाही, हे खरं नाही. सुरुवातीला मोठी माणसं व्याकरण लहानांपेक्षा भरभर उचलतात. मुलं पुढे जातात ती नंतर, विशेषतः उच्चारात.