महापेच्या डेटा सेंटरमधल्या आमच्या खासगी क्लाउडवर विंडोज व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक) व्हीएमवेअरचं ई१००० हे आभासी नेटवर्क कार्ड आहे. त्याऐवजी व्हीएमएक्सनेट३ कार्ड लावू का?

हो, लावाच. ई१००० म्हणजे इंटेलच्या जुन्या १ गिगाबिट कार्डाची नक्कल. ती वठवण्यात होस्टचा, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतं त्या खऱ्या सर्व्हरचा, सीपीयू फुकट जातो. व्हीएमएक्सनेट३ मुळात व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलंय. फक्त आधी व्हीएममध्ये व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमवेअरचे ड्रायव्हर आणि मदतनीस प्रोग्राम) टाकलेली हवीत, नाहीतर विंडोजला ड्रायव्हर सापडत नाही. ऐरोलीत मी हेच काम करतो, म्हणून कळकळीनं सांगतो: आयपी, मास्क, गेटवे, डीएनएस आधी लिहून ठेवा आणि बदल कन्सोलवरून (व्हीएमवेअरमध्ये उघडणारी व्हीएमची थेट स्क्रीन) करा, कारण रिमोट डेस्कटॉप नेटवर्कवरच चालतो आणि मधेच तुटतो. नव्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) वेगळा असतो, म्हणून विंडोज त्याला वेगळंच कार्ड समजतं. जुना आयपी जुन्याच कार्डाला चिकटून राहतो आणि नव्याला देताना विंडोज तक्रार करतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते अंधुक दिसणारं जुनं कार्ड काढून टाका, मग आयपी द्या.