भरती झाली, पण काम मिळेल का?

प्रश्न : मी सांगलीची, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. जन्मापासून दृष्टिहीन आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर कोडिंग करते. पुण्यातल्या एका आयटी कंपनीने खास दिव्यांगांसाठी घेतलेल्या भरतीत टेस्टिंगसाठी, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामासाठी, माझी निवड झाली. पण याच वाटेने तिथे लागलेली माझी सीनियर वर्षभरात नोकरी सोडून आली. म्हणते, "फोटोत मी पुढच्या रांगेत, कामात कुठेच नाही." घरचे म्हणतात, हातची नोकरी घालवू नकोस. काय करू?

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन. भरती कोणत्या नावाने झाली याने काही बिघडत नाही. परीक्षा आणि मुलाखत तूच दिलीस. नोकरी नाकारू नकोस, पण होकार कळवण्याआधी एचआरशी नीट बोलून घे.

त्याआधी सीनियरला विचार, नेमकं कुठे अडलं? माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं बहुतेक वेळा अगदी साध्या जागी अडतं. घरच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर झकास चालतो, पण कंपनीच्या लॅपटॉपवर तो टाकायला आयटी विभागाची परवानगी लागते आणि ती येता येत नाही. रजेच्या पोर्टलवर स्क्रीन रीडर नुसतं "बटन, बटन, बटन" वाचत सुटतो, कारण त्या बटणांना कोडमध्ये नावंच दिलेली नसतात. सक्तीच्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये माउसने चित्रं ओढून जोड्या लावायच्या असतात. मीटिंगमध्ये कुणीतरी स्क्रीन शेअर करून "हे इथे बघा" म्हणतं. मग मॅनेजरला वाटतं, हिला कशाला त्रास? काम शेजारच्याकडे जातं. वर्षअखेरीला अप्रेझलमध्ये मात्र 'योगदान कमी' असा शेरा पडतो. कुणी वाईट वागलेलं नसतं, तरी मुलगी बाहेर पडते. मला याचा फार राग येतो, कारण यातलं जवळपास सगळं ती रुजू होण्याआधीच दुरुस्त करता आलं असतं.

म्हणून एचआरला हे विचार : आधीच्या भरतीतले किती जण टिकले, कुणाला बढती मिळाली? माझा मॅनेजर कोण, त्यांच्याशी आत्ताच बोलता येईल का? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडे कोणतं काम असेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेस्टिंगची टूल्स कंपनीच्याच लॅपटॉपवर मला आधी चालवून बघू द्याल का? हे ईमेलवर विचार, म्हणजे उत्तरही लेखी येईल.

"एवढ्या मागण्या केल्या तर ऑफर काढून घेतील," असं घरचे म्हणतील. त्यांची भीती मी समजू शकतो. पण इतरांना मॉनिटर मिळतो तसा तुला स्क्रीन रीडर हवा आहे, उपकार नव्हेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. कंपनीत 20 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर त्या धोरणात सहाय्यक साधनांची तरतूद आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही यावी लागते. ते धोरण मागून घे, संपर्क अधिकाऱ्याचं नाव विचार. कंपनी शेअर बाजारात बाजारमूल्याने पहिल्या 1000 मधली असेल, तर 2022-23 पासून बाजार नियामक सेबीने सक्तीचा केलेला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल तिच्या वेबसाइटवर सापडेल. दिव्यांग कर्मचारी किती आणि कार्यालय त्यांच्यासाठी सुगम आहे का, हे त्यात असतं. त्या माणसांच्या वाट्याला काम काय आलं, हे मात्र आत काम करणाऱ्यांनाच विचारावं लागतं.

आणखी एक. तुला बहुधा थेट अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टिंगला, म्हणजे सॉफ्टवेअर दिव्यांगांना वापरता येतं का हे तपासायला बसवतील. काम चांगलं आहे, त्याला मागणीही आहे. पण दृष्टिहीन म्हणून कायम तेवढंच, असं होऊ देऊ नकोस. ऑटोमेशन (आपोआप तपासणी करणारे प्रोग्राम लिहिणं), एपीआय टेस्टिंग (प्रोग्रामांमधली देवाणघेवाण तपासणं) हेही पहिल्या वर्षातच मागून घे.

टूल्स बघू दिली, तर निर्धास्त रुजू हो. टाळाटाळ केली आणि घरी पगाराची गरज असेल, तरीही रुजू हो. मात्र प्रत्येक अडचण त्याच दिवशी मॅनेजरला ईमेलने कळव, संपर्क अधिकाऱ्याला प्रत ठेव आणि दुसरीकडचे अर्ज चालू ठेव. एचआरला पाठवायच्या ईमेलचा मसुदा करून मला पाठव, मी बघून देतो.