सर गेले आणि तंबोरा गवसणीतच राहिला

"सर जाऊन आठ महिने झाले. तंबोरा गवसणीतून काढलेला नाही. वडील गेले तेव्हासुद्धा मी महिन्याभरात रियाजाला बसले होते. मग आताच असं का? आणि दुसऱ्या कुणाकडे शिकायला गेले तर ती बेइमानी होईल का?"

गुरू गेल्यावर समुपदेशनाला येणारे शिष्य थोड्याफार फरकाने हेच विचारतात. इथली हकीकत ख्याल गाणाऱ्या एका शिष्येची आहे. सतरा वर्षांची तालीम, स्वतःच्याही काही विद्यार्थिनी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांशी केलेली तुलना त्यांना फार छळत होती. पण वडील गेले तेव्हा गाणं जागेवर होतं, जाऊन बसायला ती एक खोली शाबूत होती. या वेळी पडझड त्याच खोलीत झाली. त्यात घरचे म्हणणार, "नात्यातले थोडेच होते?" अशा दुःखासाठी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक संज्ञा रूढ केली. मराठीत तिला 'मान्यता न मिळालेलं दुःख' म्हणता येईल. रडायला हक्काची जागा नसते, म्हणून ते घशात येऊन बसतं.

हे शब्दशः खरं आहे. रडू दाबताना जबडा, जिभेचं मूळ आणि घसा ताठ होतो. सा लावायला मात्र हेच सगळं सैल लागतं. जोर लावला की घसा आणखी आवळतो, मग 'आवाज गेला' अशी भीती बसते. (आवाजातला घोगरेपणा चार आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. सगळंच मनावर ढकलू नये.)

"बसल्यावर नेमकं कुठे अडतं?" या प्रश्नाने गाठ सापडली. तंबोरा काढवत नव्हता म्हणून त्या फोनवरचा तानपुरा लावत. पट्टी, म्हणजे 'सा' जिथे धरायचा तो सूर, कोणती? पेटीवरची काळी एक. त्यांची स्वतःची पट्टी काळी चार, आणि तालीमही त्याच पट्टीत व्हायची. काळी एक ही सरांची मैफलीतली पट्टी. त्या पट्टीत त्यांनी वर्षानुवर्षं सरांच्या मागे बसून तंबोरा छेडला होता. समोर सर नाहीत हे रोज नव्याने कळेल अशीच मांडणी त्या नकळत करत होत्या. मग घसा दाटला की उठायचं. उठलं की हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्यानेच टाळण्याची सवय पक्की होत गेली.

पहिल्या आठवड्यात गाणं बंद. तालीम संध्याकाळची असायची, म्हणून वेळ सकाळची ठरवली. गवसणी काढायची, तारा पुसायच्या, पंचम, जोड आणि खर्ज या तारा काळी चारमध्ये सुरात लावायच्या. दहा मिनिटांत तंबोरा परत ठेवायचा. जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झणकार, साधली नाही तरी चालेल. पोलादी तारा अशा पडून राहिल्या की गंजतात आणि खुंटी पिळताना तुटतात. दुसऱ्याच दिवशी जोडाची तार तुटली. आधी बजावलं होतं म्हणून त्यांनी तो संकेत न मानता नवी तार चढवली. आधी आणि नंतर त्रासाचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा.

दुसऱ्या आठवड्यात मिटल्या ओठांनी गुणगुण आणि नंतर खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, पंधरा मिनिटं. तिसऱ्यात अल्हैया बिलावल. तो सकाळचा राग, संध्याकाळच्या तालमीशी त्याचं नातं नाही. संध्याकाळचा यमन लांब ठेवला, आणि सरांनी शेवटी शिकवलेला पूरिया धनाश्री त्याहून लांब. आकडा चढतोच. तो थोडा उतरल्यावरच उठायचं, ऐन चढावर उठायचं नाही. उठताना तो सुरुवातीपेक्षा दोनने जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे.

घोळ रेकॉर्डिंगने केला. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री त्यांनी हेडफोन लावून सरांची शेवटची तालीम ऐकली. दम लागलेला, थकलेला आवाज, पूर्ण तासभर. पुढचे चार दिवस तंबोरा बंद. ऐकण्याचा क्रम आधीच ठरवून द्यायला हवा होता. जुनी तालीम आधी, दिवसा, स्पीकरवर, तीन मिनिटं. सर ओरडतात ती रेकॉर्डिंग तर उत्तमच. मैफल ऐकून माणूस नुसता हळवा होतो. "निषादावर एवढी घाई कसली?" हे ऐकलं की हात आपोआप तंबोऱ्याकडे जातो, कारण त्याला उत्तर गाऊनच द्यावं लागतं. सरांनी टोकलेली तेवढीच जागा मग पाच वेळा म्हणायची.

आता बेइमानीचं. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर १९३१ मध्ये गेले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बी. आर. देवधर हे चौघेही त्यांचेच शिष्य, आणि एकाचं गाणं दुसऱ्यासारखं नाही. देवधरांनी तर निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून विद्या गोळा केली, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या कुमार गंधर्वांनी वेगळीच वाट धरली. तेव्हा नव्या गुरूकडे जायला हरकत नाही. फक्त पहिल्याच भेटीत आधीची तालीम सांगावी, आणि 'आमचे सर असं म्हणायचे' ही ढाल काही महिने खाली ठेवावी.

गुरुबंधूंशी बंदिशींवरून भांडण हा याच दुःखाचा आणखी एक अवतार. एकाच बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेवर आणणारा सुरुवातीचा तुकडा, सरांनी एकाला समेआधी (तालाच्या पहिल्या मात्रेआधी) सात मात्रांवर दिलेला असतो, दुसऱ्याला पाच. दोन्ही खरे. गळा पाहून शिकवणारे असंच करतात. वहीत दोन्ही पाठ उतरवावेत, शेजारी शिकल्याचं वर्ष.

आठ महिने जास्त आहेत का? लांबलेल्या शोकाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, किमान सहा महिने धरतं, तर प्रौढांसाठी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका, डीएसएम-५-टीआर, बारा. पण नुसतं कॅलेंडर पुरत नाही. रोजची तीव्र ओढ आणि झोप, काम, माणसं यांची घडी विस्कटणं हेही लागतं. यांची नोकरी, जेवण, झोप ठीक होतं, अडलं होतं ते गाणं. 'आता जगून काय' असं मनात येत असेल तर मात्र महिने मोजू नयेत, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे जावं.

समुपदेशनाच्या पाचव्या महिन्यातल्या भेटीत त्यांचा त्रासाच्या आकड्यांचा तक्ता असा होता : तंबोरा एक, जुनी तालीम तीन, यमन चार. पूरिया धनाश्रीपुढे आकडा नव्हता. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पावसाळ्यानंतर'.