साखर-कांद्यावर निर्यातबंदी होती तेव्हाही मालदीवला माल कसा जात होता? आणि एवढ्या छोट्या बेटांकडून आपल्याला मिळतं तरी काय?

प्रश्न तुम्ही सरळ विचारलाय, पण त्यामागचा राग लपत नाही: आमच्या शेतकऱ्याचा माल अडवायचा आणि परक्याला पाठवायचा, हा कुठला न्याय? मी कोल्हापुरात शाहूपुरीत निर्यातीची कागदपत्रं करून देतो. काम मुख्यतः शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या कास्टिंगचं, म्हणजे धातूच्या ओतीव भागांचं. गूळ-साखर अधूनमधून. तेव्हा दिल्लीत काय शिजतं ते सोडून देऊ, कागदावर आणि बंदरात काय होतं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, मालदीवला जाणारा माल फुकट जात नाही. 1981 साली भारत-मालदीव व्यापार करार झाला. त्यात जीवनावश्यक वस्तू मालदीवला पुरवत राहायचं भारताने कबूल केलं. त्यासाठी वस्तूनिहाय कोटा ठरतो. कोटा म्हटलं की आपल्या कारखान्यांना दर महिन्याला साखर विक्रीचा येणारा कोटा आठवतो. हाही तसाच, वरची मर्यादा सांगणारा. एवढ्या टनांपर्यंत बंदी लागू नाही, बाकी खरेदी-विक्री नेहमीसारखी. माले या मालदीवच्या राजधानीतला व्यापारी पैसे मोजतो, आपला व्यापारी बिल लावतो. सवलत आहे ती फक्त दार उघडं ठेवण्याची. तेही दार ठरलेल्या बंदरांतूनच उघडतं, न्हावा शेवा, मुंद्रा, तुतिकोरिन अशा. कुठूनही माल चढवला असं चालत नाही.

2024-25 चा कोटा करार झाल्यापासूनचा सर्वांत मोठा होता: तांदूळ 1 लाख 24 हजार टन, गव्हाचं पीठ 1 लाख 9 हजार टन, साखर 64 हजार 494 टन, कांदा 35 हजार 749 टन, बटाटा साडेएकवीस हजार टन, अंडी पावणेत्रेचाळीस कोटी. डाळ मात्र जेमतेम सव्वादोनशे टन.

हे आकडे पेपरात वाचले की डोळे फिरतात. आता साखरेचा आकडा आपल्या जिल्ह्यात आणून बघा. इथला एखादा मोठा कारखाना चांगल्या हंगामात दहा लाख टन ऊस गाळतो. उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, साडेबारा टक्के धरला तर सव्वा लाख टन साखर होते. म्हणजे मालदीवचा वर्षाचा अख्खा साखर कोटा आपल्या एका कारखान्याच्या अर्ध्या हंगामात निघतो. भारत स्वतः वर्षाला 280 लाख टनांच्या आसपास साखर खातो, त्या हिशेबाने हा कोटा आपल्या एका दिवसालाही पुरायचा नाही. कांद्याचंही तेच. देशाचं उत्पादन अडीचशे लाख टनांच्या घरात, त्यात पस्तीस हजार टन कुठे शोधणार? 8 डिसेंबर 2023 ला कांद्यावर बंदी आली आणि 4 मे 2024 ला उठली, तेवढ्या काळात शेतकऱ्याचं जे नुकसान झालं ते बंदीमुळे झालं. मालदीवला कांदा गेला नसता तरी भाव तेवढेच पडले असते. बंदीवर चिडायचं असेल तर जरूर चिडा, मीही चिडतो, पण नेम चुकवू नका.

आता तिकडची बाजू. मालदीवची जमीन सगळी मिळून 300 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा पंचविसावा हिस्सा. तीही अकराशेहून जास्त बेटांत विखुरलेली, आणि बहुतेक जमीन समुद्रापासून मीटरभरसुद्धा उंच नाही. माती वाळूची. भात नाही, गहू नाही, ऊस तर नाहीच. लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे, त्यात वर्षाला वीस लाख पर्यटक येऊन जेवून जाणार. इतक्या लोकांचं ताट रोज जहाजातून उतरतं. अशा देशाला भाव दोन रुपयांनी कमी-जास्त झाल्याचं फारसं वाटत नाही, जहाज चुकलं की मात्र घाम फुटतो.

लोक व्यापार म्हटला की आयात शुल्काबद्दल भांडतात. छोट्या बेटाच्या व्यापारात शुल्कापेक्षा जहाजाचा हिशेब जड असतो. एक उदाहरण देतो. मालेच्या एका दुकानदाराला आपला गूळ हवा होता, एक किलोचे रवे, म्हणजे छोट्या ढेपा, एकूण तीन टन. वीस फुटी कंटेनरमध्ये अठरा-वीस टन माल सहज बसतो. तीन टनांसाठी अख्ख्या कंटेनरचं भाडं भरलं तर गूळ तिथे बदामाच्या भावाने विकावा लागेल. मग दुसऱ्याच्या मालाबरोबर जागा शोधायची. कांद्याबरोबर ठेवला तर वास लागतो. मिठाजवळ ठेवला तर ओल धरतो. न्हावा शेवाहून पाठवायचा तर कंटेनर बहुतेक वेळा कोलंबोला उतरतो आणि तिथून दुसऱ्या जहाजावर चढतो. तिथे उन्हात किती दिवस पडून राहील हे तुमच्या हातात नाही. गूळ पाघळला की रवा राहत नाही, काकवी होते. शेवटी तो माल ट्रकने तुतिकोरिनला गेला, तिथल्या एका जमवाजमव करणाऱ्याने तांदूळ, बिस्किटं आणि स्टीलच्या भांड्यांच्या कंटेनरमध्ये बसवून दिला. रव्यांना आतून प्लॅस्टिक, बाहेरून जाड खोका, आणि कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगलेल्या. वाहतूक आणि पॅकिंग मिळून गुळाच्या किमतीला भिडलं. एवढं करून माल मालेला पोचला की काम संपलं असं नाही, तिथून लांबच्या बेटांवर जायला पुन्हा धोणी, म्हणजे त्यांची होडी.

आणि कंटेनर परत येताना रिकामा. भाडं ठरवणारा दोन्ही फेऱ्यांचा खर्च जाणाऱ्या मालावर टाकतो, कारण येताना भरायला काही नसतं. सप्टेंबर 2020 मध्ये भारताने तुतिकोरिन-कोची-कुल्हुदुफ्फुशी-माले अशी थेट मालवाहू फेरी सुरू केली, 200 कंटेनर आणि 3000 टन सुट्या मालाची क्षमता असलेली. सरकारने ती सुरू करावी लागली यातच सगळं आलं. खासगी जहाजवाल्याला एकेरी मालावर नियमित फेरी परवडत असती तर वाट कशाला बघितली असती?

मग परत येतं काय? मुख्यतः भंगार. हसू नका. बेटावर येणारी प्रत्येक मोटर, एसी, जनरेटर, इंजिन बाहेरून येतं, जुनं झालं की वितळवायला तिथे भट्टी नाही. ते परत मुख्य भूमीवरच यायला हवं. आपल्या फाउंड्र्यांना तर भंगार हा कच्चा माल आहे, आमचे शिरोलीवाले रोज त्याच्या भावाची चौकशी करत असतात. दुसरी वस्तू मासे. पण मालदीवचा टूना मोठ्या प्रमाणात थायलंडच्या डबाबंद कारखान्यांकडे जातो.

पूर्वी गोष्ट उलटी नव्हती, पण बरीच समतोल होती. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या बंगालात नाणं म्हणून चालायच्या, आणि बदल्यात तिकडे तांदूळ जायचा. चौदाव्या शतकात इब्न बतूताने हे लिहून ठेवलंय. बेटांना तांदूळ तेव्हाही भारतातूनच लागायचा, फक्त द्यायला त्यांच्याकडे एक वस्तू होती. आज त्या जागी पर्यटन आहे. 2023 मध्ये तिथे सगळ्यांत जास्त पर्यटक भारतातून गेले, दोन लाखांहून जास्त. तिथल्या हॉटेलात आपण जे डॉलर खर्चतो त्यातलेच काही आपल्या कांद्याचे पैसे म्हणून परत येतात. मालाच्या आयात-निर्यातीत हे दिसत नाही, म्हणून ‘आपल्याला मिळतं काय’ हा प्रश्न नुसत्या मालाच्या आकड्यांवर सुटत नाही. 2022 मध्ये दोन देशांतला व्यापार 50 कोटी डॉलरच्या पुढे गेला, त्यात जवळजवळ सगळी आपली निर्यात.

आता बंदीतून सूट का, या तुमच्या मूळ मुद्द्यावर. जानेवारी 2024 मध्ये दोन्ही देशांत तोंडातोंडी झाली, इकडे बहिष्काराचे हॅशटॅग चालले, तिकडे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झूंनी तांदूळ, साखर, पीठ तुर्कस्तानातून आणायचं जाहीर केलं. नकाशा काढून तुर्कस्तान किती लांब आहे ते बघा. जास्त भाडं भरून लांबून माल आणायला एखादा देश तयार होतो, कारण जवळच्या दुकानदाराने उद्या शटर ओढलं तर काय, ही धास्ती त्याला खात असते. आणि भारताने शटर ओढण्याची सवय अलीकडे बऱ्यापैकी लावून घेतलीय: मे 2022 मध्ये गहू, जून 2022 पासून साखरेवर निर्बंध, जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढरा तांदूळ, डिसेंबरात कांदा. तुर्कस्तानच्या घोषणेनंतर तीन महिन्यांत भारताने मालदीवचा कोटा कमी करण्याऐवजी वाढवला. मला यात भोळेपणा दिसत नाही. देशाला दिवसभरात लागते त्याहून कमी साखर आणि थोडा इतर माल देऊन शेजारचं गिऱ्हाईक टिकवलं, आणि तिसऱ्याला आत यायला कारण उरू दिलं नाही. मॉरिशससाठीही तेच केलं. तांदळाची बंदी चालू असताना ऑगस्ट 2023 च्या शेवटी त्यांना 14 हजार टनांची परवानगी दिली.

कोट्यातली एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. नदीची वाळू 10 लाख टन आणि खडी 10 लाख टन. मालदीवला बांधकामाला वाळू लागते, त्यांच्याकडे प्रवाळाची वाळू आहे पण ती काँक्रीटला नीट चालत नाही, आणि उपसली तर बेटच खचायचं. मालेला शेजारच्या बेटांशी जोडणाऱ्या मोठ्या पुलाला भारतानेच पैसे दिलेत, म्हणजे मागणी काही अंशी आपणच तयार केलीय. ऊस तोडला तर त्याच मुळांतून खोडवा येतो, कांदा पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. वाळूचं तसं नाही. पंचगंगेकाठच्या माणसाला वाळू उपसल्यावर काठ कसा ढासळतो हे वेगळं सांगायला नको. परवानगी देताना तपासणी होते, किनारा नियमन क्षेत्रातली वाळू चालत नाही, हे खरं. तरीही चिडायला जागा शोधत असाल तर ती कांद्यात नाही, इथे आहे.

पुढे काय होईल? चीन आणि मालदीवचा मुक्त व्यापार करार 1 जानेवारी 2025 पासून लागू झालाय. भारताने जुलै 2025 मध्ये तशाच कराराच्या बोलणीची चौकट ठरवली. करार झाला तरी कांदा-साखरेला फारसा फरक पडणार नाही, तो माल शुल्कावर अडत नव्हताच. फरक पडलाच तर भांडी, कपडे, चपला, मसाले, प्लंबिंगचं सामान अशा किरकोळ वाटणाऱ्या मालाला, जिथे चिनी मालाशी गाठ आहे. इचलकरंजीच्या चादरी-टॉवेलला तिथल्या हॉटेलांत जागा आहे, पण तिथेही भाडं आणि छोटा लॉट हीच अडचण.

तुम्ही स्वतः काही पाठवायच्या विचारात असाल तर दोन गोष्टी सांभाळा. मालदीवमध्ये डॉलरची टंचाई अधूनमधून असते, चांगल्या पार्टीचेसुद्धा पैसे बँकेत रखडतात. नोव्हेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथल्या मध्यवर्ती बँकेशी रुपया आणि त्यांचं चलन रुफिया यांत व्यवहार करण्यासाठी सामंजस्य करार केलाय, तो मार्ग तुमच्या बँकेला कितपत जमतो ते आधी विचारा. आणि पहिल्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय ट्रक हलवू नका. ओळखीतून आलेलं गिऱ्हाईक असेल तर ही काळजी जास्तच घ्या.